खुणांची भाषा : संगणकांच्या पत्रव्यवहाराची बाराखडी

रत्नागिरी जिल्ह्यातील एक पालक आपल्या बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना पत्र लिहितात अशी कल्पना करावी. ‘सा. न. वि. वि., माझा मुलगा बंगळुरूस शिकत असून त्याच्या वसतिगृहातील खोली क्रमांक २१४ चे सहामाही शुल्क ४८५०० रुपये येत्या १२ तारखेच्या आत भरावयाचे आहे. तरी सदर रक्कम माझ्या बचत खात्यातून वसतिगृहाच्या खात्यात पाठवावी, ही विनंती.’ पत्र सुबक आहे, अर्थही स्वच्छ आहे. काउंटरवरील कर्मचारी ते एकदा वाचतो आणि त्याला सर्व उमगते. २१४ ही खोली आहे, ४८५०० ही रक्कम आहे आणि १२ ही तारीख आहे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. तरीही तो पालकांच्या हाती एक छापील अर्ज ठेवतो आणि प्रत्येक गोष्ट तिच्या रकान्यात लिहून देण्यास सांगतो.

हा उपचार कित्येक ग्राहकांना निरर्थक वाटतो. वस्तुतः त्यामागे एक विचार आहे. पत्रातील तीन आकड्यांचा अर्थ वाचणाऱ्याच्या डोक्यात असतो. अर्जातील आकड्यांचा अर्थ कागदावरच असतो. ‘रक्कम’ असे छापलेल्या चौकटीत जे लिहिले जाईल ती रक्कम. वाचणारा नवखा असो, घाईत असो, किंवा मराठी न जाणणाऱ्या दूरच्या शाखेतील असो, त्याची चूक होण्याची शक्यता कमी होते. संगणक हा असाच एक वाचक आहे, आणि तो सर्वांत नवखा आहे. त्याच्या लेखी २१४ आणि ४८५०० यांत लहानमोठेपणाखेरीज काहीही भेद नाही. म्हणून एका संगणकाने दुसऱ्यास पत्र लिहावयाचे झाल्यास मजकुराबरोबर रकानेही पाठवावे लागतात. हे रकाने मजकुरातच गुंफून पाठविण्याची जी पद्धत रूढ झाली, तिला ‘मार्कअप लँग्वेज’ म्हणतात. मराठीत तिला खुणांची भाषा म्हणण्यास हरकत नाही.

‘मार्कअप’ हा शब्द संगणकाच्या जगात जन्मलेला नाही. तो छापखान्यातून आला. हस्तलिखित खिळे जुळविणाऱ्याकडे देण्यापूर्वी संपादक त्याच्या समासात खुणा करीत असे : हे शीर्षक मोठ्या ठशात, हे अवतरण आत सरकवून, ही ओळ ठळक. खुणा छापावयाच्या नसत. मजकुराचे काय करावयाचे एवढेच त्या सांगत. संगणकावर जुळणी सुरू झाल्यावर हीच आज्ञापत्रे विशिष्ट संकेतांच्या रूपाने मजकुरात शिरली. परंतु प्रत्येक यंत्राचे संकेत निराळे, त्यामुळे एका यंत्रासाठी सिद्ध केलेला मजकूर दुसऱ्यावर निरुपयोगी ठरे.

यावर जो तोडगा निघाला त्याचे श्रेय कोणा एकाचे नाही. सप्टेंबर १९६७ मध्ये विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडाच्या शासकीय मुद्रणालयात झालेल्या बैठकीत एक विचार मांडला. मजकूर आणि त्याचे बाह्य रूप या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर १९६९ मध्ये आयबीएम कंपनीतील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी कायद्याच्या कार्यालयांतील दस्तऐवजांसाठी एक पद्धत तयार केली. तिचे नाव जीएमएल. ही अद्याक्षरे या तिघांच्या आडनावांचीही आहेत. गोल्डफार्ब स्वतः वकील होते, हा योगायोग नव्हे. दस्तऐवजातील ‘पक्षकार’, ‘कलम’, ‘निकाल’ हे भाग कोणत्या ठशात छापले आहेत यापेक्षा ते काय आहेत याला वकिलाच्या लेखी महत्त्व असते. म्हणून त्यांच्या खुणा ‘हे ठळक करा’ असे न सांगता ‘हे शीर्षक आहे’ असे सांगू लागल्या. पुढे हीच पद्धत विस्तारून १९८६ मध्ये एसजीएमएल या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. ती समर्थ होती, पण इतकी विस्तृत की मोठ्या संस्थांखेरीज कोणी तिच्या वाटेस फारसे गेले नाही.

दिसणे आणि असणे

महाजालाने खुणांची भाषा घरोघर नेली. जिनिव्हाजवळील सर्न या भौतिकी संशोधन केंद्रात काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये महाजालाची मूळ योजना मांडली. त्यासाठी त्यांनी एसजीएमएलच्या धर्तीवर मोजक्या खुणांची एचटीएमएल ही भाषा घडविली, आणि १९९१ मध्ये तिची ओळख जगास झाली. परिच्छेद, शीर्षक, यादी, दुवा एवढाच तिचा प्रारंभीचा संसार. आज संगणकाच्या पडद्यावर दिसणारे जवळजवळ प्रत्येक पान या भाषेच्या पुढच्या पिढीत लिहिलेले असते.

तथापि एचटीएमएलची एक मर्यादा बँकेच्या संकेतस्थळावरूनच ध्यानी येते. मुदत ठेवींच्या व्याजदराचा तक्ता पानावर सुरेख मांडलेला असतो. माणूस तो पाहतो आणि वर्ष कोणते, दर कोणता, ज्येष्ठ नागरिकांसाठीचा स्तंभ कोणता हे जाणतो. खुणा मात्र एवढेच सांगतात की येथे तक्ता आहे, त्यात इतक्या ओळी आहेत आणि अमुक आकडा ठळक आहे. तो आकडा व्याजदर आहे असे कोठेही लिहिलेले नसते. उद्या स्तंभांचा क्रम बदलला तर माणसास अडचण येणार नाही. परंतु ते पान वाचून दरांची तुलना करणारा संगणक ज्येष्ठांचा दर सर्वांचा म्हणून सांगून मोकळा होईल.

हीच उणीव भरून काढण्यासाठी महाजालाच्या मानकांचे काम पाहणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेत १९९६ मध्ये एक गट कामास लागला. सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन बोसाक या गटाचे प्रमुख होते, तर टिम ब्रे, जाँ पाओली आणि मायकेल स्परबर्ग-मॅक्वीन हे मसुद्याचे संपादक. १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल या भाषेची पहिली आवृत्ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. नावात भाषा असली तरी एक्सएमएलला स्वतःचा शब्दसंग्रह नाही. खुणा कशा लिहाव्यात याचे व्याकरण तिने दिले. खुणा कोणत्या असाव्यात हे वापरणाऱ्यांनी ठरवावयाचे. रत्नागिरीच्या पालकांचे पत्र त्या व्याकरणात असे लिहिता येईल :

<पैसे_पाठवणे>
  <देणारा>
    <खाते>××××४०७१</खाते>
  </देणारा>
  <घेणारा>
    <नाव>वसतिगृह निधी</नाव>
    <खाते>××××८८१६</खाते>
  </घेणारा>
  <रक्कम चलन="रुपये">४८५००</रक्कम>
  <कारण>खोली क्रमांक २१४, सहामाही शुल्क</कारण>
</पैसे_पाठवणे>

खाते क्रमांकांतील काही अंक येथे रिवाजाप्रमाणे झाकले आहेत. खुणा मराठीत लिहिल्या आहेत त्या केवळ समजावून सांगण्याच्या सोयीसाठी, असे मात्र नव्हे. एक्सएमएल युनिकोड या जागतिक लिपिसंकेतावर उभी असल्याने देवनागरी खुणाही व्याकरणदृष्ट्या पूर्णतः ग्राह्य आहेत.

या नमुन्यातच व्याकरणाचे बहुतेक नियम दडलेले आहेत. प्रत्येक रकाना उघडणाऱ्या खुणेने सुरू होतो आणि तिरपी रेघ असलेल्या बंद करणाऱ्या खुणेने संपतो. सर्वांना कवेत घेणारा एकच बाह्य रकाना असावा लागतो. रकान्यात रकाना बसू शकतो, पण एकात एक बसणाऱ्या चढत्या मापाच्या डब्यांप्रमाणे : आतल्या डब्याचे झाकण लागल्याशिवाय बाहेरच्याचे लावता येत नाही. ‘घेणारा’ बंद झाल्यावर त्यातले ‘खाते’ बंद करणे व्याकरणास मान्य नाही. रकान्याविषयीची जोडमाहिती, जसे रकमेचे चलन, उघडणाऱ्या खुणेतच अवतरणचिन्हांत देता येते. नमुन्यात ‘खाते’ दोनदा आले असले तरी घोटाळा होत नाही, कारण एक ‘देणारा’च्या पोटात आहे आणि दुसरे ‘घेणारा’च्या. कोणी कोणाला पैसे द्यावयाचे, हा व्यवहाराचा गाभा, केवळ या पोटातल्या जागेवर अवलंबून असतो.

हे नियम पाळलेला मजकूर ‘सुरचित’ मानला जातो. नियम मोडलेला असेल तर वाचणाऱ्या संगणकाने अंदाज बांधू नये, तेथेच थांबावे, असा एक्सएमएलचा कडक दंडक आहे. एचटीएमएल वाचणारे ब्राउझर याबाबतीत फार उदार असतात. खूण बंद करावयाची राहिली तरी ते सांभाळून घेतात. बातमीच्या पानावर ती उदारता शोभते. पैशाच्या व्यवहारात मात्र खाडाखोड असलेला धनादेश परत करणाऱ्या रोखपालाचा स्वभावच बरा. या कडकपणाचा एक त्रास प्रत्येक संगणक विभागास कधी ना कधी भोगावा लागतो. ‘अमुक & सन्स’ अशा पेढीच्या नावातील ते वळणदार चिन्ह एक्सएमएलने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवले आहे. ते तसेच्या तसे पाठविल्यास, बाकी सर्व बिनचूक असूनही, संपूर्ण संदेश नाकारला जातो. त्याऐवजी ठरावीक सांकेतिक रूप लिहावे लागते. एका चिन्हापायी पगाराची सबंध फाईल अडू शकते, हे ज्याने अनुभवले नसेल त्यास ती थट्टा वाटेल.

सुरचित, वैध आणि खरे

वाक्य व्याकरणशुद्ध असले म्हणजे ते अर्थपूर्ण असतेच असे नाही. रकमेच्या रकान्यात कोणी ‘पुरेसे’ असे लिहिले, तर संदेश सुरचितच राहील. म्हणून दुसरी पायरी लागते. दोन्ही पक्ष आधीच एक आराखडा ठरवितात. कोणते रकाने अनिवार्य, कोणते ऐच्छिक, त्यांचा क्रम काय, प्रत्येकात कोणत्या जातीची माहिती चालेल, हे सर्व त्यात नमूद असते. २००१ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने अशा आराखड्यांसाठी ‘एक्सएमएल स्कीमा’ हे मानक दिले. आयएफएससी संकेतांकाचे उदाहरण घ्यावे : एकूण ११ चिन्हे, पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान शून्याचे, उरलेली सहा चिन्हे शाखेची. हा नियम आराखड्यात एका ओळीत लिहिता येतो, आणि पाचव्या जागी शून्याऐवजी ‘ओ’ हे रोमन अक्षर पडले तर संदेश दारातूनच परत जातो. आराखड्यात बसणाऱ्या संदेशास ‘वैध’ म्हणतात. येथे देवनागरीप्रेमींना एक अडचण सोसावी लागते. स्कीमाच्या संख्या-प्रकारात फक्त आंतरराष्ट्रीय अंक चालतात. वरील नमुन्यातील ‘४८५००’ वाचकास रक्कम वाटली तरी तो आराखडा तिला संख्या मानणार नाही.

निरनिराळ्या संस्थांच्या खुणा एकाच संदेशात एकत्र आल्या तर आणखी एक पेच उभा राहतो. ‘चलन’ म्हणजे रुपया, डॉलर यांसारखे नाणे, आणि ‘चलन’ म्हणजे कोषागारात भरणा करण्याचा छापील नमुनाही. ‘खाते’ बँकेचे असते, तसेच ते महसुलाचे किंवा पाटबंधाऱ्यांचेही असते. माणूस संदर्भावरून निवाडा करतो. संगणकासाठी प्रत्येक खुणेस तिच्या घराण्याचे नाव जोडण्याची सोय १९९९ मध्ये करण्यात आली. बँकेच्या घराण्यातले खाते आणि शासनाच्या घराण्यातले खाते, अशी ती ओळख पटते.

या सर्वांचा बँकव्यवहाराशी संबंध थेट आहे. देशोदेशींच्या बँकांमध्ये संदेश पोहोचविणारी स्विफ्ट ही संस्था १९७३ मध्ये स्थापन झाली. तिच्या जुन्या पद्धतीच्या संदेशात पैसे घेणाऱ्याचे नाव व पत्ता मिळून प्रत्येकी ३५ अक्षरांच्या चार ओळी मिळत. नाव कोठे संपले आणि पत्ता कोठे सुरू झाला, गाव कोणते आणि देश कोणता, याची खूण नसे. आखाती देशांतून कोकणात येणाऱ्या पैशांच्या बाबतीत ‘मु. पो., तालुका, जिल्हा’ असा ऐसपैस पत्ता या चार ओळींत कोंबताना कोणता भाग गाळावयाचा, हे पाठविणाऱ्या कारकुनाच्या मर्जीवर असे. संशयित व्यवहार हुडकणारी यंत्रणाही अशा मोकळ्या मजकुरापुढे गोंधळते. रस्त्याच्या नावात निर्बंध असलेल्या देशाचे नाव आले, तर निरपराध माणसाचे पैसे चौकशीसाठी अडून राहू शकतात.

आयएसओ २००२२ हे मानक २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्यातील संदेश एक्सएमएलमध्ये लिहिले जातात. केवळ नावासाठी १४० अक्षरांची जागा आहे. रस्ता, गाव, पिनकोड, देश यांना स्वतंत्र खुणा आहेत. भारताने या बाबतीत अनेक प्रगत देशांच्या आधी पाऊल टाकले, हे अभिमानाने नोंदविण्याजोगे आहे. मार्च २००४ मध्ये सुरू झालेल्या आरटीजीएस प्रणालीची नवी पिढी रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१३ रोजी कार्यान्वित केली, आणि ती याच मानकावर बेतलेली होती. स्विफ्टने देशाच्या सीमेपलीकडील देयकांसाठी हा बदल मार्च २०२३ मध्ये सुरू केला. त्यानंतर काही काळ जुने व नवे दोन्ही संदेश चालले, आणि देयक आदेशांपुरता हा जोडकाळ नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. भाजीवाल्याच्या गाडीवर संकेतचित्र टिपून जे पैसे चुकते होतात त्या यूपीआय प्रणालीतही, एप्रिल २०१६ च्या आरंभापासून, बँका आणि राष्ट्रीय देयक महामंडळ यांच्यात जाणारे-येणारे संदेश एक्सएमएलचेच असतात आणि त्यांवर संगणकीय स्वाक्षरी असते. पाच रुपयांच्या कोथिंबिरीमागेही डब्यात डबा बसविलेला असा संदेश धावत असतो.

ताळेबंदांच्या क्षेत्रात याच कुळातील एक्सबीआरएल ही भाषा आहे. वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथील हिशेबनीस चार्ल्स हॉफमन यांनी १९९८ मध्ये तिची कल्पना मांडली. भारतात शेअर बाजारात सूचिबद्ध तसेच विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना २०१०-११ या आर्थिक वर्षापासून आपले हिशेब या भाषेत सादर करणे बंधनकारक झाले. बँका व विमा कंपन्या यांना त्या पहिल्या टप्प्यातून वगळले होते. या भाषेत प्रत्येक आकड्यास तो कशाचा, कोणत्या कालावधीचा आणि कोणत्या एककातला, अशी तिहेरी ओळख द्यावी लागते. छापील ताळेबंदाच्या माथ्यावर ‘रुपये लाखांत’ असे एकदा लिहिले की भागते. येथे तसे नाही. ते ध्यानात न घेता ७५० लाखांच्या जागी नुसते ७५० भरले, तर आराखड्याची तक्रार नसते, आणि कंपनीची विक्री साडेसात कोटींवरून साडेसातशे रुपयांवर येते.

एक्सएमएल हीच सर्वत्र राहील असे मात्र नाही. तिच्या दुहेरी खुणांमुळे संदेश लांबतो, आणि मोबाइलसाठी प्रणाली लिहिणारे तरुण तंत्रज्ञ तुलनेने आटोपशीर अशा जेसन या पद्धतीस पसंती देतात. आयकर विवरणपत्र भरणाऱ्यांनी हा बदल प्रत्यक्ष पाहिला आहे : कर निर्धारण वर्ष २०२१-२२ पासून तेथे एक्सएमएल फाईलची जागा जेसन फाईलने घेतली. खुणांची ठेवण बदलली, तरी प्रत्येक माहितीस तिचे नाव जोडून पाठविण्याचे तत्त्व तेच आहे.

सुरचित आणि वैध यांच्या पलीकडे तिसरी पायरी उरते, आणि ती कोणत्याही आराखड्यास चढता येत नाही. रत्नागिरीच्या पालकांनी खाते क्रमांकातील दोन अंकांची अदलाबदल केली आणि तो क्रमांक नेमका दुसऱ्या कोणाच्या खात्याचा निघाला, तर संदेश सुरचित असेल, वैध असेल आणि तरीही चुकीचा असेल. काउंटरवरच्या माणसाने जुने पत्र वाचले असते तर नावावरून त्यास शंका आली असती. यंत्रणा तशी शंका घेत नसे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०१० मधील सूचनेनुसार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आलेली रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा करण्यास बँकांना मुभा होती, आणि क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्यावर होती. ‘नाव’ हा रकाना संदेशात असे. जमा करताना तो पाहिलाच जाईल याची हमी नसे. मोठ्या कष्टाने मिळविलेले पैसे परक्या खात्यात गेल्यावर, ‘पण नाव तर मी बरोबर लिहिले होते’ हे ग्राहकाचे म्हणणे खरे असूनही कामास येत नसे.

अखेर ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाद्वारे रिझर्व्ह बँकेने आरटीजीएस व एनईएफटी यांसाठी लाभार्थ्याचे नाव आधी पडताळून पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करण्यास बँकांना सांगितले. खाते क्रमांक व आयएफएससी संकेतांक भरला की समोरच्या बँकेच्या दप्तरी असलेले नाव पैसे पाठविण्यापूर्वी दिसते. त्यासाठी ग्राहकास आकार द्यावा लागत नाही, आणि शाखेत येऊन व्यवहार करणाऱ्यांनाही ही सोय मिळते. यंत्र ते नाव फक्त दाखविते. पडद्यावर ‘वसतिगृह निधी’ असे आले आहे की आणखी काही, हे वाचण्यासाठी पालकांना चष्मा लावावा लागतो, आणि काउंटरवरील कर्मचाऱ्याला क्षणभर थांबावे लागते.